माझ्या पोटात गेलेलं पंचामृत

मी एक जुनी विलायती गाडी आहे, मित्रांनो. वारंगा फाट्यावर धर्मसिंगच्या गॅरेजमागे बाभळीखाली उभी असते, तीच. माझ्या टपावर कोंबड्या बसतात म्हणून हसू नका. एके काळी मला बघायला माणसं हातातलं काम टाकून रस्त्यावर येत.

माझा जन्म साता समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. उंच बांधा, चारही चाकांना जोर, आत मऊ कातडी गाद्या. हैदराबादच्या एका नवाबानं मला बोटीनं मागवलं आणि शिकारीसाठी रानोमाळ पळवलं. पुढे त्याची हौस फिटली. मग सेनगावचे कापसाचे व्यापारी किशनराव यांनी मला विकत घेतलं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी गावात शिरले तेव्हा एसटीची वाट बघणारी माणसंसुद्धा एसटी सोडून माझ्यामागे आली. मला केवढा गर्व झाला होता म्हणून सांगू!

पण खरं सांगते, मी आतून थकले होते. माझं इंजिन लवकर तापे. कंपनीची हमी तर नवाबाकडे असतानाच संपली होती. हैदराबादच्या मिस्त्रीनं किशनरावांना बजावलं होतं, की हिचं इंजिन उघडायची वेळ आली तर सुटे भाग विलायतेहून येतील आणि तेवढ्या पैशांत नवा ट्रॅक्टर दारात उभा राहील. किशनरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ताकीद मात्र दिली ती माझा ड्रायव्हर कय्युम याला.

"हे बघ कय्युम, इंजिनाला काई झालं तर मी तुलाच धरीन. मंग ह्या भागात तुझ्या हाती कोनी बैलगाडी बी देनार न्हाई."

"जी मालक," कय्युम म्हणाला.

त्या दिवसापासून त्यानं मला लेकरासारखं जपलं. सकाळी पाणी बघायचं, तेल बघायचं, इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या माझ्या काट्यावरची नजर हलवायची नाही. त्याचं घर, त्याची बायको फातिमाबी, सगळ्यांचं पोट माझ्या इंजिनावर होतं. मी तापले की त्याच्या तोंडचं पाणी पळे.

किशनरावांची बायको जनकाबाई मोठी मायाळू. त्या वैशाखात नांदेडला तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. करवली म्हणून तिनंच मिरवायचं होतं. मी वाटेत दगा देईन की काय, ही धास्ती घरात सगळ्यांनाच होती. आदल्या दिवशी सोमवार होता. जनकाबाई औंढ्याला जाऊन नागनाथाला अभिषेक करून आली आणि येताना तांब्याभर पंचामृत घेऊन आली. दूध, दही, तूप, मध, साखर.

सकाळी निघायच्या आधी ती हळूच माझ्याजवळ आली. मला कुंकू लावलं. मग कय्युम रोज पाणी घाली ते झाकण तिनं उघडलं आणि अख्खा तांब्या माझ्या रेडिएटरमध्ये रिता केला.

"घे माय," ती मला म्हणाली. "लई तहान लागते न तुला? नागनाथाचं तीर्थ हाय. आज मला येळेवर पोचीव."

मित्रांनो, मला आजवर कुणी इतक्या प्रेमानं काही पाजलं नव्हतं. आणि इतकं वाईटही कुणी पाजलं नव्हतं.

कय्युम मला पुसायला बादली घेऊन येत होता. त्यानं शेवटची धार पाहिली आणि तो जागीच थबकला. "भाभी, हे काय..."

"बोलू नका कोनाला," जनकाबाई हसून म्हणाली. तिचा चेहरा समाधानानं फुलला होता.

तेवढ्यात किशनराव फेटा सावरत बाहेर आले.

"मालक, पानी बदलावं लागंल," कय्युम म्हणाला. "जरा येळ द्या."

"सकाळी भरलं म्हनलास न? मंग आता काहून बदलतो? मुहूर्त दुपारचा हाय. बस गाडीत!"

कय्युमनं एकदा जनकाबाईकडे पाहिलं आणि मुकाट्यानं मला सुरू केलं.

हिंगोलीपर्यंत मी दम धरला. पुढे ऊन चढलं, तसं माझ्या नळ्यांतून तूप आणि मध चिकटत गेलं. काटा वर सरकू लागला. कळमनुरीजवळ माझ्या पुढच्या जाळीतून वास येऊ लागला, करपलेल्या बासुंदीचा. कय्युमच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"मालक, थांबू द्या. इंजिन जळंल."

"मुहूर्त चुकंल त्याचं काय? चाल!"

बाळापूर मागे पडलं. माझ्या पोटात ठोके पडत होते. ओरडावंसं वाटत होतं, पण मला एक हॉर्न तेवढा होता आणि तोही कय्युमच्या हाती. वारंगा फाट्याची दुकानं दिसली आणि माझ्या आत काहीतरी कडकन तडकलं. वाफेचा लोट उठला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले ती राहिलेच.

किशनराव खाली उतरले आणि भर चौकात त्यांनी कय्युमची गचांडी धरली. "पानी न घालता आनली व्हय? तुला सांगितलं व्हतं का न्हाई?" चहाच्या टपरीवरची माणसं गोळा झाली, ट्रकवाले खाली उतरले. कय्युम मान खाली घालून उभा होता. नागनाथाच्या तीर्थानं इंजिन बिघडलं, हे त्यानं त्या गर्दीत कसं सांगायचं? लोक काय म्हणाले असते? आणि जनकाबाईला लोकांच्या तोंडी द्यायची?

"चूक माजीच हाय मालक," तो म्हणाला.

गॅरेजवाला धर्मसिंग आला. मी जराशी निवल्यावर त्यानं खालची तोटी सोडली. पांढरट, आंबूस गुठळ्या जमिनीवर पडल्या. त्यानं त्या बोटावर घेऊन हुंगल्या.

"शेठ, ये पानी नहीं है. फटा हुआ दूध है. इंजिन का हेड गया."

किशनरावांचा आवाज चढला. "दूध? अरे, कोनती दुश्मनी काढली तू? माझ्या घरचं मीठ खाऊन?"

"चौकीवर न्या त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं. दोघांनी कय्युमचे दंड पकडले. तो हललाही नाही. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो, आणि माझ्याकडून साधी कुरकुरही होत नव्हती. त्या वेळी मला माझ्या लोखंडी जन्माची लाज वाटली.

जनकाबाई लिंबाखाली बसली होती. दूध हा शब्द तिच्या कानावर पडला तशी ती उठली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून त्या सगळ्या पुरुषांतून वाट काढत ती पुढे आली.

"सोडा त्याला. दूध मी घातलं. नागनाथाचं पंचामृत व्हतं."

किशनराव तिच्याकडे वळले. "तू? मंग ह्यो काहून बोलला न्हाई?"

"माझ्यापायी. मीच बोलू नका म्हनलं व्हतं. आन् तुमी तरी कुठं इचारलं? पानी बदलू द्या म्हनला, तुमी आयकलं न्हाई. थांबू द्या म्हनला, तरी न्हाई. इंजिन उघडायच्या आधीच तुमी त्याला गुन्हेगार ठरवलं."

किशनराव माझ्या पायरीवर मटकन बसले. मग ते उठले आणि ज्या आवाजात त्यांनी कय्युमला दोष दिला होता, त्याच आवाजात म्हणाले, "समद्यांनी आयका! ह्या मानसाची काई चूक न्हाई. चूक आमची हाय." एवढं बोलून त्यांनी सगळ्यांदेखत कय्युमला हात जोडले. कय्युमनं पुढे होऊन ते हात धरले, आणि मग तो रडला.

मुहूर्त टळला. कय्युमनं एका ट्रकवाल्याला विनवून दोघांना नांदेडला धाडलं. भावाच्या डोक्यावर अक्षता टाकायचं जनकाबाईचं राहून गेलं ते गेलंच.

माझं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, काही विलायतेहून आलं नाही. तेवढा खर्च किशनरावांना झेपणारा नव्हता आणि हमी केव्हाच संपली होती. मी इथेच राहिले. गाडीच नाही म्हटल्यावर कय्युमची ड्रायव्हरीही गेली. पण किशनराव स्वतः ओळखीच्या ट्रकमालकांकडे गेले आणि त्याला काम मिळवून दिलं. त्याच्या नावाला डाग लागला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असो की मोटार, तिला काय चालतं, काय सोसत नाही, हे आधी जाणत्याला विचारा. नुसत्या मायेनं यंत्र चालत नाही. आणि आणखी एक मागणं आहे. त्या दिवशी या चौकात खरं ठाऊक असूनही मी गप्प होते, कारण मला जीभ नव्हती. तुम्हाला आहे. तुमच्या डोळ्यांदेखत निर्दोष माणसावर आळ आला, तर माझ्यासारखे उभे राहू नका. बोला.