काटे बाहेर ठेव

मी एक जुनी, काटेरी साखळी आहे, ट्रॅक्टरच्या डाव्या चाकाची. मित्रांनो, माझा गंज पाहून कीव करू नका. मी फार डूख धरणारी आहे.

नॉर्वेतल्या एका उभ्या चढावरच्या गोठ्यात मी राहते. दरीतल्या लोहारानं मला घडवलं आणि बर्फात रुतायला काटे दिले, तेही एकाच बाजूला. हिवाळाभर मी चाकाला मिठी मारून राबायचे, म्हणून ट्रॅक्टर दूध न्यायला येणारी गाडी वर ओढून आणायचा. बर्फ वितळला की गोठ्यातल्या गाई सांभाळणारी सिग्नी मला धुऊन, पुसून तेल लावायची. शेजारीण चिडवायची, "बाई गं, तुझ्या चमच्यांपेक्षा साखळ्याच चकचकीत!"

मग तिच्या थोरल्या भावानं, हाल्वरनं, नवा ट्रॅक्टर आणला.

"असल्या टायरांना साखळी लागत नाही," म्हणत त्यानं मला गोठ्यामागच्या काटेरी झुडपात भिरकावलं. सिग्नीनं उचलायला हात घातला, तर म्हणाला, "राहू दे त्या थेरडीला तिथंच!"

थेरडी! त्या शब्दानं मला गंजापेक्षा जास्त पोखरलं. तिथं पडल्या पडल्या मी ठरवलं, तुला माझ्यापुढे गुडघे टेकायला लावीन.

दुसऱ्या हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला आणि रस्ता काचेसारखा गोठला. दुधाची गाडी पायथ्याशी अडकली. इकडे दुधाची टाकी काठोकाठ भरलेली. संध्याकाळच्या धारा काढून ठेवायच्या कशात? गाडी ओढून आणायला निघालेला हाल्वरचा ट्रॅक्टर अंगणातच घसरला. अडला हरी! आला धावत झुडपात. घाईघाईनं मला चाकावर चढवलं, तीही उलटी.

"दादा, काटे आत गेलेत!" सिग्नी ओरडली.

"मला शिकवू नकोस. साखळी ती साखळी!"

मी हसले. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याच्या लाडक्या टायरला चावत गेले. वळणावर टायर फसकन बसला आणि ट्रॅक्टर रस्त्यात आडवा झाला. काय सुख वाटलं म्हणून सांगू!

पण गाडी वर आलीच नाही. संध्याकाळी सिग्नीनं गाईंच्या धारा काढल्या आणि बादल्या एकेक करून गटारात ओतल्या. ती रडत होती. मला तेल लावणारे ते हात. सूड माझा, भोगलं तिनं. ते मला आजही सलतं.

सकाळी हाल्वरनं जुन्या ट्रॅक्टरचं चाक आणून बसवलं. सिग्नीनं मला त्याच्या पुढ्यात टाकलं. "टेक गुडघे. आणि काटे बाहेर ठेव."

तो बर्फात गुडघ्यांवर बसला. त्या दिवशी मी अशी धरून राहिले, की गाडी थेट अंगणात आली. सिग्नीसाठी हं, त्याच्यासाठी नव्हे.

मित्रांनो, जी वस्तू तुम्हाला चढावर धरून ठेवते, तिला उन्हाळ्यातही तेल लावा. हाल्वर आता न चुकता लावतो. मी त्याला माफ केलेलं नाही. त्यालाही ते कळत असावं. दर हिवाळ्यात मला चढवून झालं, की तो गुडघ्यांवरच राहतो आणि एकेक काटा बोटानं चाचपून बघतो.