तोफ बाकावर

कप्तान बदलायचा विषय मास्तरणीनं काढला. शाळेच्या मैदानाला लागून गाद्या आणि लेझीमसारखं सामान ठेवायची एक खोली होती, तिथंच संघ कपडे बदलायचा. पुन्हा एकदा हरून सगळ्या तिथं बसल्या होत्या. मोजे ओले, गुडघ्यांना चिखल, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मास्तरीण दिवसभर मुलांना गणित शिकवायची, त्यामुळे नकोसं बोलायची तिला सवय होती. ती म्हणाली, "असं नाही चालणार. मला वाटतं, आता वहिनीनं कप्तान व्हावं."

सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. कारण कप्तान होती तोफ, आणि वहिनी ही तोफेचीच वहिनी होती, सख्ख्या भावाची बायको. तोफ तिला वहिनी म्हणायची म्हणून सगळा संघ वहिनी म्हणायला लागला होता. बेकरीवाली गोलकीपर तर तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, पण तीही वहिनीच म्हणायची.

सगळ्यात आधी हात वर केला तो तोफेनं. "बरोबर आहे. करा तिला," ती म्हणाली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. मग बाकीचे हात वर झाले.

वहिनीला नको म्हणायचं होतं. पण नको म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच. "बरं."

तोफ बस चालवायची. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी लांबलचक बस, आणि ती अशी चालवायची की उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळू नये. मैदानावर मात्र तिच्यात काय संचारायचं कोण जाणे. तिचा फटका बसला की चेंडू दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. तिनंच वहिनीला हॉकीत ओढलं होतं. लग्न होऊन आल्यावर वहिनीचा जीव घरात रमेना. खिडकी उघड, खिडकी लाव, भांडी या फळीवरून त्या फळीवर. एके दिवशी तोफेनं तिच्या हातात स्टिक दिली. "वहिनी, तू चल माझ्याबरोबर. नाहीतर तू हे घर तरी पाडशील नाहीतर माझ्या भावाला तरी." वहिनीनं त्याआधी आयुष्यात स्टिक धरली नव्हती. आता ती मधल्या फळीत खेळायची आणि अख्खा खेळ तिच्याभोवती फिरायचा. तोफेला हे सगळ्यांच्या आधी कळलं होतं, आणि तेच तिला बोचत होतं.

कप्तान बदलल्यावर घरातलं बोलणं आटलं. तोफ वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहायची, जेवायला खाली यायची. आता ती मीठ मागायची तेसुद्धा भावाकडे, मीठ वहिनीच्या हाताशी असलं तरी. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. तो मीठ पलीकडून घ्यायचा आणि इकडे द्यायचा.

"तुम्ही जरा बोला ना तिच्याशी," वहिनी त्याला म्हणाली.

"मला मधे घेऊ नका. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांची मी रोज सुटका करतो. घरी येऊन स्वतः अडकायची हौस नाही."

पण संघ जिंकायला लागला. एकदा नशिबानं, एकदा दमदार खेळून, मग एकदा समोरच्या कप्तानाला धाप लागेपर्यंत पळवून. वहिनीनं बचाव मागे घट्ट ठेवला आणि चेंडू तोफेपर्यंत पोचवायचा एवढंच काम बाकीच्यांना दिलं. तोफ घरी बोलत नव्हती, पण गोल करत होती. बेकरीवाली पहाटेपासून भट्टीपुढे उभी राहून यायची आणि गोलमध्ये उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची. तिलाही आता झोप येईनाशी झाली. यादीच्या तळाशी असलेला संघ हळूहळू वर सरकला. शेवटचा सामना नुसता बरोबरीत सोडवला तरी वरच्या गटात टिकणार होता.

त्याच सुमारास वहिनीनं तोफेला जिना उतरताना पाहिलं. ती आडवी उतरत होती, कठडा धरून, डावा पाय सरळ ठेवून. खाली पोचल्यावर तिनं दोन क्षण डोळे मिटले आणि मग नेहमीसारखी ताठ चालत बाहेर गेली.

संध्याकाळी वहिनी वर गेली. तोफ पलंगावर पाय लांब करून बसली होती, गुडघ्यावर फ्रीजरमधल्या मटारची पिशवी. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता.

"तुला काय दिसलं?" तोफ म्हणाली. "काही दिसलेलं नाही."

"कधीपासून आहे हे?"

"वहिनी, ऐक. डॉक्टरकडे गेले की तो लिहून देणार. लिहून दिलं की डेपोवाले मला गाडीवरून उतरवणार. डाव्या पायानं क्लच दाबायचा असतो, माहीत आहे ना? मग मी काय करू, खिडकीत बसून तिकिटं फाडू? कुणाला बोललीस तर बघ. दादालाही नाही."

"आणि सामना?"

"सामना मी खेळणार."

कितीतरी दिवसांनी तोफ तिच्याशी एवढं बोलली होती. वहिनीनं मान डोलावली, आणि खाली येईपर्यंत तिला त्याचा पश्चात्ताप व्हायला लागला.

वहिनी दातांच्या कवळ्या बनवायच्या एका लॅबमध्ये काम करायची. समोर प्लास्टरचे जबडे मांडलेले, हातात बारीक फिरतं चाक, एकेक दात घासून बसवायचा. त्या आठवड्यात तिचा हात ठिकाणावर नव्हता. एका म्हाताऱ्या बाईंचा पुढचा दात तिनं इतका घासला की जबडा हसताना चावट दिसायला लागला. तो पुन्हा करावा लागला. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "आज तुझं लक्ष आहे कुठं?" वहिनीचं लक्ष एका गुडघ्यावर होतं. खेळवलं तर काय होईल आणि नाही खेळवलं तर काय होईल, हे दोन्ही ती दिवसभर उलटसुलट करत होती आणि कुठल्याही बाजूनं बसत नव्हतं.

सामन्याच्या दिवशी वारा सुटला होता. तोफेनं गुडघ्याला पट्टी आवळून वरून मोजा ओढला होता. ती सगळ्यांआधी मैदानात उतरली. वहिनीनं तिच्याकडे पाहिलं, तिनं वहिनीकडे पाहिलं, आणि वहिनीनं तिला खेळवलं.

पहिला अर्धा वेळ बरा चालला होता. मग समोरच्या संघाची एक उंच पोरगी तोफेच्या बाजूनं चेंडू घेऊन सुटली. तोफ वळली आणि वळता वळता थांबली. फक्त क्षणभर. पण तेवढ्यात ती पोरगी निघून गेली, बेकरीवाली पुढे धावली, आणि चेंडू तिच्या पायांमधून गोलात गेला.

मध्यंतरात सगळ्या पाणी पीत उभ्या होत्या. वहिनी म्हणाली, "तोफ, तू बस."

"काय?"

"तू बस. वायर पुढे खेळेल."

वायर म्हणजे इलेक्ट्रिशियन. काटकुळी, चपळ, पण तिच्या फटक्यात दम नव्हता. तीच आधी बोलली. "वहिनी, अगं आपल्याला गोल हवाय. गोल ती करते."

"मी सांगतेय ना."

"का पण?" मास्तरणीनं विचारलं. वर्गात उत्तर मागतात तसं विचारलं.

तोफ वहिनीकडे रोखून बघत होती. सांगून टाक म्हणत नव्हती, सांगू नकोस म्हणत होती. वहिनी गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचा सगळ्यांनी एकच अर्थ काढला. घरचं भांडण मैदानात आलं. कुणीतरी पाठीमागून हळूच बोललंही तसं, आणि वहिनीला ते ऐकू गेलं. तोफ बाकावर जाऊन बसली.

दुसऱ्या अर्ध्या वेळात त्यांनी जीव तोडून खेळ केला. वहिनी एवढी धावली की तिला स्वतःचे पाय परके वाटायला लागले. वेळ संपत आला होता. चेंडू रेषेबाहेर गेला तेव्हा तिनं पाहिलं, तोफ स्टिक घेऊन रेषेवर येऊन उभी होती.

"घे मला!" ती ओरडली. "एकदाच!"

वायर धापा टाकत वहिनीपाशी आली. "मी निघते बाहेर. तिला घे. बघ कशी उभी आहे."

तोफ खरंच उभी होती. वजन सगळं उजव्या पायावर. ते एकट्या वहिनीला दिसत होतं.

"नाही," वहिनी म्हणाली. "खेळ तू."

आणि लगेचच त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. कॉर्नर मिळाला की तो संपेपर्यंत खेळाडू बदलता येत नाही. आता मनात आणलं असतं तरी तोफ आत येऊ शकत नव्हती. मास्तरणीनं गोलरेषेवरून चेंडू ढकलला, वहिनीनं डीच्या, म्हणजे गोलापुढच्या अर्धगोल रेषेच्या, जरा बाहेर अडवला, वायरनं मारला. फटका सरळ होता, खाली होता, फक्त हळू होता. समोरच्या गोलकीपरनं पाय आडवा घातला, आणि चेंडू पॅडवर आपटून बाहेर गेला. शिट्टी वाजली.

संघ खालच्या गटात गेला. त्या सामानाच्या खोलीत कुणी वहिनीशी बोललं नाही. तोफ कपडे न बदलताच निघून गेली. पुढच्या आठवड्यात वायरचा फोन आला, की ती दुसऱ्या संघात जातेय. "राग नाही गं, पण मला खेळायचंय. तुमच्या घरातलं तुम्ही बघा." वहिनीनं फोन ठेवला आणि अर्धा दिवस फोनकडेच बघत काढला. खरं काय ते सांगून टाकावं असं तिला कितीदा वाटलं. पण शब्द दिला होता. शिवाय तिलाच नक्की कळत नव्हतं की तिनं तोफेला बसवलं ते गुडघ्यासाठी, की मीठ मागायचंसुद्धा जिनं बंद केलं होतं तिला एकदा तरी बसवून बघायचं होतं म्हणून. दोन्ही थोडं थोडं असेल. थोडं किती, हेच तिला छळत होतं.

तोफ आता जेवायलाही खाली येईना. भाऊ ताट वर नेऊन द्यायचा आणि रिकामं ताट घेऊन निमूट खाली यायचा.

मग एका दुपारी तोफ लॅबमध्ये आली. दार ढकलून आत आली ती खाकी गणवेशातच, टेबलाला धरत धरत. शेजारचीनं तोंडावरचा मास्क खाली केला. वहिनीनं चाक बंद केलं.

"बस."

"बसता येत नाही. वाकतच नाहीये."

"काय झालं?"

"काही झालं नाही. तेच सांगायला आले." तोफेनं घाम पुसला. "थांब्यावर गाडी थांबवली. माणसं चढली. क्लच दाबायला गेले आणि पाय हलेना. अडकला. मागून माणसं म्हणतायत, चला ओ बाई. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. म्हटलं, उतरा सगळे. मग डेपोत फोन केला आणि सांगून टाकलं. उताराला अडकला असता तर काय, तेच येतंय सारखं डोक्यात."

प्लास्टरचे जबडे दोघींच्या मधे तोंड उघडून पडले होते.

"त्या दिवशी तू मला आत घेतलं असतंस ना, तर मी गोल केला असता," तोफ म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि गुडघा तिथंच गेला असता."

"ते माहीत नव्हतं. भीती वाटत होती."

"मग सांगितलं का नाहीस सगळ्यांना? शिव्या खाल्ल्यास फुकटच्या."

"तूच म्हणालीस बोललीस तर बघ."

"म्हणाले म्हणून काय झालं!" तोफ एवढ्या जोरात म्हणाली की शेजारची दचकली. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी अजून चिडलेलीच आहे. हे तुला कळावं म्हणून सांगते. फक्त आता दवाखान्यात जायचंय आणि एकटीनं जायला नको वाटतंय."

वहिनीनं ॲप्रन काढला.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तोफेला गाडीवरून उतरवलं, पण खिडकीत बसवलं नाही. नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम दिलं, आणि ती पोरं तिला घाबरतात असं भावाला कुणीतरी सांगितलं. संघाच्या बायकांना तोफेनं स्वतःच सगळं सांगितलं, बेकरीत, पावाच्या रांगेत उभं राहून, मोठ्यानं. मास्तरीण वहिनीच्या घरी आली आणि म्हणाली, "मी चुकले." एवढंच म्हणाली आणि गेली. वायर मात्र परत आली नाही. तिला नव्या संघात बरं चाललं होतं.

खालच्या गटातल्या पहिल्या सामन्याला जेमतेम अकरा जणी जमल्या. वहिनीनं कप्तानपद सोडायचं म्हटलं, तर तोफेनं कुबडी जमिनीवर आपटली. "हरल्यावर सोडतात होय? मी सोडलं होतं, बघ काय झालं." सामना बरोबरीत सुटला. वहिनीनं मारलेला एक कॉर्नर खांबाला लागला आणि एक आत गेला. बाकावरून तोफ पंचांना काहीबाही ऐकवत होती. शेवटी पंचांनी तिला ताकीद दिली.

सामन्यानंतर सगळ्या आत गेल्या. दोघीच मागे राहिल्या, वहिनी पायातले शिनगार्ड सोडत.

"डॉक्टर म्हणतात, पुढच्या मोसमात खेळता येईल कदाचित," तोफ म्हणाली. "माझी जागा ठेवशील?"

वहिनीनं हो म्हणायला तोंड उघडलं. पण या खेपेला तिनं बोलायच्या आधी विचार केला.

"नाही," ती म्हणाली. "मिळवावी लागेल."

तोफेनं मान वळवून मैदानाकडे पाहिलं. वाऱ्यानं गोलाची जाळी फुगत होती आणि बसत होती. वहिनीला वाटलं, झालं, आता पुन्हा मीठ भावाकडून.

"फटका मारताना तुझा डावा पाय मागे राहतो," तोफ म्हणाली. "म्हणून खांबाला लागला. उठ, दाखवते."

"आत्ता?"

"मग कधी?"

वहिनीनं सोडलेले शिनगार्ड पुन्हा बांधायला घेतले.