आहेरातला अंधार

"काका, आहेर सुरू झाला की परत अंधार पडतोय," वर्षाराणी फोनवर सांगत होती. "लाईट गेल्यावानी होतं, मग एकदम उजेड. तुम्ही तर म्हणला होता, या खेपेला नीट येईल."

"येईल, बाई. दुपारपस्तोर करून ठेवतो," महादेवप्पा म्हणाला आणि पुन्हा संगणकासमोर बसला.

रेणापूरच्या या मुलीच्या आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट सत्त्याण्णव साली त्यानंच काढली होती. तेव्हा लातुरात शूटिंगवाला म्हटलं की महादेवप्पाचंच नाव निघे. पुढे ड्रोन उडवणारी मंडळी आली आणि त्याचा कॅमेरा खुंटीला लागला. आता घराच्या पुढच्या खोलीत बसून तो लोकांच्या जुन्या कॅसेटी संगणकात उतरवून द्यायचा. स्वतःच काढलेली कॅसेट फिरून स्वतःकडेच आली म्हणून याही कामाला त्यानं हौसेनं हात घातला होता. पण तीन दिवस झाले, कॅसेट काही वठणीवर येईना.

पहिल्या खेपेला चित्र अडखळत होतं आणि आवाज ओठांच्या मागं पडत होता. संगणकातलं बाकी सगळं बंद केलं, डिस्कमध्ये जागा केली, तेव्हा आवाज ठिकाणावर आला. मग पडद्याच्या तळाशी पांढऱ्या रेघा उमटल्या. व्हीसीआर उघडून स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कागदानं त्यानं हेड पुसला. रेघा गेल्या. अंधार मात्र हटेना. वायरी बदलल्या, चित्र संगणकात ओढून घेणारं कॅप्चरचं यंत्र काढून दुसऱ्या खाचेत बसवलं, तरी तेच. आहेर सुरू झाला की नवरानवरी हळूहळू काळवंडत जात आणि मग झटक्यानं उजळत.

शेवटी त्यानं संगणकाला मधून काढलं आणि व्हीसीआर थेट जुन्या टीव्हीला जोडला. टीव्हीवरही तोच अंधार. म्हणजे दोष संगणकाचा नव्हता. चित्रच तसं निघालं होतं.

खुर्ची पुढं ओढून तो निरखून बघायला लागला. उजेडाचा गोल नवरीच्या तोंडावरून घसरत तिच्या हातांवर येई, तिथून सतरंजीवर, आणि मग धक्का दिल्यासारखा वर जाई. लाईट धरणाऱ्या हाताला भार सोसत नव्हता.

लाईट रुद्राणी धरायची. त्याची बायको. घरचं माणूस असताना बाहेरचं कशाला, म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यानं तिच्या हातात हॅलोजन दिला होता. मे महिन्याच्या उन्हाळ्यात, डोक्यावर पदर घेऊन, त्या भट्टीसारख्या दिव्याखाली ती चार-चार तास उभी राहायची.

त्यानं आवाज वाढवला. सनई होती. आहेराची नावं पुकारणारा माणूस होता. आणि या सगळ्याखाली, कॅमेऱ्याच्या अगदी कानाशी, एक बारीक आवाज.

"ओ, जरा बसू का? पोटात कळा निघायल्यात."

पाठोपाठ त्याचा स्वतःचा, सत्तावीस वर्षांपूर्वीचा आवाज. "आहेर संपू दे. हात मोडला का तुझा? वर धर!"

उजेड वर गेला.

पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती, अठरा मे. वीस तारखेला रुद्राणी आपल्या मायसोबत माहूरला गेली होती. पाचवा महिना चालू होता. गडाच्या पायऱ्यांवर तिला रक्त जायला लागलं आणि नांदेडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोर गेलं. पुन्हा दिवस राहिले नाहीत. घरानं निकाल देऊन टाकला की पायऱ्यांनी पोर खाल्लं. पोटुशी लेक गडावर चढवली म्हणून त्यानं सासूला, शिवकांताबाईला, तिच्याच ओसरीत चारचौघांत नको नको ते सुनावलं. पुढं ना तो त्या घरी गेला, ना रुद्राणीला सणावाराला धाडलं. शिवकांताबाई अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटचे दोन दिवस काय ते पाठवलं.

त्यानं वायरी परत संगणकाला जोडल्या, आवाजाच्या पट्टीवर तेवढाच तुकडा निवडला आणि ते बोलणं बंद केलं.

"बंद का केलं?"

रुद्राणी दारात उभी होती. हातात चहाची कपबशी.

"काई न्हाई. जुनी कॅसेट. खरखर हाय नुसती."

"खरखर न्हाई. मी हाय ती."

तिनं कपबशी टेबलावर ठेवली. बशीत एक थेंब सांडला नाही.

"तवाच कळा येत व्हत्या तुला?" त्यानं विचारलं.

"सकाळधरनं. तीनदा म्हणले तुम्हाला. कॅसेटीत एकदाच आलंय वाटतं."

"मग त्या हालतीत माहूरला गेलीसच कशाला?"

"माय म्हणली, देवीपुढं पदर पसरू, कळा राहतील. पण मी चढले कुठं? दुसऱ्याच पायरीवर खाली बसले."

"मग इतकी वर्षं सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं की. दवाखान्यातच सांगितलं. तुमच्या अव्वा म्हणल्या, नवऱ्यावर आळ घेती. तुम्ही खाटेपाशीच उभे व्हता."

महादेवप्पाला ते आठवत नव्हतं, असं त्याला म्हणायचं होतं. पण आपली आई तेव्हा खाटेच्या कोणत्या बाजूला उभी होती, तेसुद्धा त्याला आता दिसत होतं.

"माझं जाऊ द्या," रुद्राणी म्हणाली. "माय तेच बोल घिऊन गेली. शेवटच्या दिवशी इचारत व्हती, खरंच माझ्यापायी गेलं का गं लेकरू? मी न्हाई म्हणले. तिला पटलं न्हाई. तुम्ही म्हणला असता तर पटलं असतं."

ती आत गेली. चहावर साय धरली तरी तो बसून होता. मग त्यानं त्या तुकड्यावर सनई ओढली. ऐकून बघितलं. बेमालूम बसली होती.

दुपारी वर्षाराणी आली. रुद्राणीनं पाण्याचा तांब्या आणला.

"अंधार आहेच की हो अजून," पडद्यावर बघत मुलगी म्हणाली आणि हसली. "काका, लाईट धरणारा झोपला होता का काय?"

रुद्राणी तांब्या हातात तसाच धरून थांबली. तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. काय म्हणतो, एवढंच तिला ऐकायचं होतं.

महादेवप्पानं पेनड्राइव्ह काढून मुलीच्या हातात दिला.

"जुना माल हाय, बाई," तो म्हणाला. "असं व्हतंच."

"पाणी घ्या," रुद्राणी मुलीला म्हणाली आणि तांब्या ठेवून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून तयार होती.

"नांदेडला जाते. भावाकडं."

"कधी येशील?"

"बघते."

"मी बी येतो की. मायच्या समाधीवर जाऊन येऊ. तिथं म्हणतो मी, माझं चुकलं."

"आता कशाला?" पायात चप्पल सरकवत ती म्हणाली. "आता तिला ऐकू येत न्हाई."

तरी पिशवी घेऊन तो स्टँडपर्यंत गेला. नांदेडची गाडी लागलेली होती. रुद्राणीनं त्याच्या हातातून पिशवी घेतली, वर चढली आणि खिडकीची जागा धरली. शेजारची जागा रिकामी होती. महादेवप्पा खिडकीखाली उभा राहून त्या जागेकडं बघत राहिला. कंडक्टरनं दार ओढायला घेतलं, तसा त्यानं एक पाय पायरीवर ठेवला.

रुद्राणीनं मांडीवरची पिशवी उचलली, शेजारच्या जागेवर ठेवली आणि पदर सावरून समोर बघत बसली.