जर्दाळूची पहिली खेप

धाकटीने तिसरा पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. वासात खोट नव्हती. आधी पिकलेलं जर्दाळू, मग लाकूड, शेवटी मधासारखं काहीतरी. खोट असलीच तर ती जिभेवर कळली असती, आणि जिभेवर घ्यायचं तिने आठ दिवसांपासून बंद केलं होतं.

आज राहवलं नाही म्हणून तिने थेंबभर जिभेच्या टोकावर घेतलं, लगेच थुंकलं आणि चूळ भरली. गोडी सरल्यावर मागे काहीतरी उरलं, तोंडात किल्ली धरल्यासारखं.

कारखाना वडिलांच्या मागे दादाने सांभाळला होता. बाहेरचं सगळं तो बघायचा. चवीचं मास्तर आणि धाकटी. मास्तर वडिलांच्या वेळचे, धाकटीला या कामाची अक्षरओळख त्यांनीच करून दिलेली. फळाची व्हिस्की काढायचं खूळ मात्र धाकटीचं. पाच महिने ती जुनी व्हिस्की, जर्दाळूचा अर्क, पाक आणि पाणी यांची प्रमाणं जुळवत बसली होती. अकरा मिश्रणं फेकून दिल्यावर बारावं जमलं. आज दुपारी बाराला त्याच्या बाटल्या भरायच्या होत्या आणि आता साडेदहा झाले होते.

"मास्तर, जरा बघता?"

मास्तरांनी घोट घेतला, गालातून गालात फिरवला आणि पिकदाणीत थुंकला. "छान आहे. राबलीस त्याचं चीज झालं."

"शेवटी धातूसारखं काही लागतं?"

"नाही," मास्तर म्हणाले. जरा लवकरच म्हणाले.

धाकटीने रुमालाने ओठ पुसले. सकाळी दात घासतानाही तोंडाला हीच चव होती. चहालाही होती. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, असं होतं या दिवसांत, घाबरू नकोस. मग ही चव टाकीतली की आपल्याच तोंडातली? विचारणार कुणाला? तिला दिवस गेले आहेत हे नवऱ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या खेपेला आनंदाने घरभर सांगितलं होतं, आणि तिसऱ्या महिन्यात ते राहिलं नाही हे त्याच सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं होतं. ते या वेळी नको होतं.

दादा फोन कानाला लावूनच आत आला. "बाटल्या भरायची लाइन तयार आहे. बाराला सुरू."

"थांबव," धाकटी म्हणाली. "चव बिघडलीय."

दादाने फोन ठेवला आणि मास्तरांकडे बघितलं. मास्तर पेला पुसत राहिले.

"मास्तरांना काही लागलं नाही," दादा म्हणाला. "तुला लागतंय. काय लागतंय?"

"धातू. मी पाठ करून उभी राहते. तीन पेले भर. दोन सारखे, एक वेगळा. पसंत केलेला जुना नमुना कपाटात आहे आणि हा लाइनवरचा आजचा. वेगळा कुठला ते मी सांगते."

दादाने भरले. पहिल्यांदा तिने बरोबर ओळखला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिने उजवीकडच्या पेल्यावर बोट ठेवलं आणि दादाने मान हलवली.

"चुकलीस. शिवाय जुना नमुना महिनाभर बाटलीत पडून आहे, थोडाफार फरक असणारच. एवढ्यावर मी लाइन थांबवू? गाड्या दारात उभ्या आहेत, ताई."

तो तिला ताई म्हणायचा तो फक्त चिडल्यावर. धाकटीने टेबलाची कड धरली. दिवसांचं लपवलं असतं तर अजून वाद घालता आला असता. पण तिला ते जमेना.

"अजून एक ऐक. मला दिवस गेलेत. सातवा आठवडा. आठ दिवस झाले, माझ्या तोंडाला अशीच चव आहे. आजच्यापुरतं थेंबभर घेतलं, सगळं थुंकलं."

दादा स्टुलावर टेकला.

"मग झालं तर," तो हळूच म्हणाला. "टाकीत काही नाही. तुझ्याच तोंडात आहे."

हेच ऐकावं लागणार हे तिला माहीत होतं, तरी कानशिलं तापली.

"तसं म्हणू नकोस," मास्तर म्हणाले. त्यांनी पेला खाली ठेवला. "माझं 'छान' धरू नका. हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून मला कडू कळत नाही. तापाची गोळी चघळली तरी पत्ता लागत नाही. वासावर आणि गोडावर वेळ मारून नेतोय. आज ना उद्या सांगणारच होतो."

दादा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. चव बघणारी दोन माणसं, दोघांच्याही जिभा रुसलेल्या.

"तोंडाची चव असेल तर ती दोन्ही पेल्यांना सारखीच लागेल," मास्तर पुढे म्हणाले. "एक नमुना थेट टाकीतून आण. दुसरा लाइनच्या टोकाहून, बाटली भरतात तिथून. एकच माल, एकच दिवस. कुठला कुठला ते आम्हाला सांगू नकोस."

दादा स्वतः गेला. परत येऊन त्याने दोन पेले टेबलावर ठेवले. धाकटीने कोमट पाण्याने चूळ भरली, या वेळी दोन पेल्यांच्या मध्ये पुरेसं थांबली, आणि बोटाच्या टोकाने थेंब जिभेला लावला.

"हा स्वच्छ आहे. हा नाही."

दादाने पेले बदलले. पुन्हा तेच. चार वेळा बदलले. चारही वेळा तिने तोच पेला बाजूला सारला.

"लाइनचा आहे," दादा म्हणाला आणि त्याने फिटरला हाक मारली.

फिटरने काही लपवलं नाही. शनिवारी टाकीखालचा व्हॉल्व्ह गळायला लागला होता, स्टीलचा मिळेना, म्हणून त्याने पितळेचा बसवला होता. कुणाला सांगायचं डोक्यात आलं नाही. त्याने तो उघडून दाखवला. आंबट अर्काचा माल दोन दिवस त्यात साचून राहिला होता; आतल्या बाजूला हिरवट थर साचला होता. टाकी मात्र शाबूत होती.

दादा अंगणात गेला आणि गाड्या पाठवणाऱ्या गिऱ्हाईकाशी बराच वेळ बोलला. आत येईपर्यंत त्याचा चेहरा उतरला होता.

"बोलणी खाल्ली," तो म्हणाला. "तीन दिवस मिळालेत. डॉक्टर काय म्हणतात?"

"सगळं ठीक आहे म्हणतात."

"मग इथे कशाला आहेस? पिकदाणी आणि तू, दोघींची आता गाठ नको. आईला मी काही बोलणार नाही. तुझं तू सांग, जेव्हा सांगायचं तेव्हा."

धाकटीला एकदम रडू आलं. ते तिने रुमालात आवरलं. मास्तर तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होते.

तिसऱ्या दिवशी स्टीलचा व्हॉल्व्ह बसला, नळ्या उकळत्या पाण्याने धुतल्या गेल्या. पहिला नमुना आला तेव्हा धाकटीने फक्त वास घेतला आणि पेला दादापुढे सरकवला. त्याने आयुष्यात कधी चवीचं काम केलं नव्हतं. मास्तरांनी सांगितलं तसा त्याने घोट फिरवला, थुंकला आणि ओशाळून म्हणाला, "मला नुसतं गोड लागतंय."

"मलाही," मास्तर म्हणाले. "चूळ भर. परत घे, आणि गोडी सरेपर्यंत थांब."