किल्ली माझ्या पोटात मोडली तेव्हा

होय, मीच बोलतोय. टार्नवेल गावाच्या कोठडीचं कुलूप. इकडेतिकडे बघू नका. बार्नबी लोहाराच्या भट्टीजवळ भंगाराचा ढीग आहे ना, त्यात सगळ्यात खाली वाकडातिकडा होऊन पडलाय, तो मी.

बार्नबीच्याच बापानं मला घडवलं. भट्टीतून बाहेर आलो तेव्हा केवढी हौस होती! वाटलं, एखाद्या व्यापाऱ्याच्या लोकरीच्या वखारीवर मिरवीन. पण मला घेतलं नगरसभेनं, आणि ओकच्या जाड दारात असं ठोकून बसवलं की पुन्हा हलायची सोय नाही. आत कोंडलेल्या माणसाची सगळ्यांना कीव येते. तो आज ना उद्या सुटतो तरी. माझी सुटका कधी, असं कुणी विचारलं नाही.

वर नगरसभेचं दालन, खाली कोठडी, समोर बाजार. वरचं सगळं कानावर यायचं. कुणाचं डुक्कर मोकाट फिरतंय, कुणी दारासमोर खताचा ढीग घातलाय, चर्चमध्ये कुणाच्या बायकोनं कुणाच्या पुढे बसायचं, यावर तासन्‌तास खल चालायचा. माझ्या वाट्याला यायचे दारुडे, भांडकुदळ बायका आणि दारोदार फिरणारे भटके. दार लावणारा प्रत्येक जण मला एकदा हिसका देऊन बघायचा. इतकी चाकरी केली, पण माझ्यावर विश्वास म्हणून कुणी ठेवला नाही.

हम्फ्री पेक हातमोजे शिवायचा. त्या वर्षी कॉन्स्टेबलची पाळी त्याच्या घरावर आली. पाळी आली की करायचंच, आणि पगाराचं तर नावच नको. "अहो, मला सुई धरायची सवय, सोटा नव्हे," म्हणत बिचाऱ्यानं सगळ्यांच्या हातापाया पडून बघितलं. कुणी ऐकलं नाही. ज्यांना त्यानं कोंडलं, त्यांच्या घरचे त्याच्याकडून हातमोजे घेईनासे झाले. आम्ही दोघं एकाच दाराला अडकलो होतो.

मार्चच्या कडाक्याच्या थंडीत सिसली आली. नवरा मेलेला, दिवस भरलेले, आणि गावोगावचे कॉन्स्टेबल तिला पुढच्या गावात ढकलत आलेले. कारण रीतच तशी होती. अशा बाईचं मूल ज्या गावात जन्मेल त्या गावाचं, मग ते पोसायचं त्या गावानं. आमच्या गावानंही तिला रात्रीपुरतं कोंडलं. सकाळी गाडीत घालून पुलापलीकडे सोडून यायचं ठरलं.

सकाळी नगरसभेचे अध्यक्ष थॉर्नसाहेब आपला झगा सावरत आले. "पेक, आटप. वेणा सुरू व्हायच्या आत पूल ओलांडला पाहिजे."

"सुरू झाल्यात, साहेब."

"मग उभा काय राहिलास? उघड!"

आतून सिसली कळवळून म्हणाली, "दादा, पाया पडते तुमच्या. मागचं बाळ असंच रस्त्यात झालं. थंडीनं गेलं माझं. मला इथंच राहू द्या."

हम्फ्रीनं किल्ली घातली. ती कुठल्या बाजूला फिरवायची हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. त्यानं उलट्या बाजूला सगळा भार टाकला. काड्‌! अर्धी किल्ली त्याच्या हातात, अर्धी माझ्या पोटात. जीव कळवळला माझा. पण त्यानं ती मुद्दाम मोडली हे मला कळलं होतं, म्हणून तो तुकडा घट्ट धरून ठेवला.

"मोडली, की मोडलीस?" थॉर्नसाहेब ओरडले.

"मोडली, साहेब. जुनं कुलूप. तेल घालू का विचारलं, तर तुम्हीच म्हणालात, पुढच्या सभेत बघू."

बाजारातल्या बाया फिदीफिदी हसल्या. बार्नबीला बोलावणं गेलं. त्यानं छिन्नी काढली आणि परत पिशवीत ठेवली. "फोडतो की, साहेब. पण ही पडली गावाची मालमत्ता. ठरावाशिवाय हात लावायचा नाही, हा तुमचाच नियम. विहिरीचा रहाट न विचारता दुरुस्त केला तेव्हा मलाच दंड केलात."

थॉर्नसाहेब तणतणत वर गेले. सभासद लवकर जमेनात. जमले, तर काम लोहाराचं की सुताराचं, यावरच त्यांची जुंपली.

इकडे सुईण मार्जरीकाकू धावत आली, पण दार बंद! खिडकीच्या गजांतून तिचा नुसता हात आत जात होता. "पोरी, भिंतीला टेक. हां, अशी. ओरड गं, लाजतेस कुणाला?" हळूहळू सिसलीचा आवाज खोल जायला लागला. हम्फ्री आता दाराला खांद्यानं धडका मारत होता. "देवा, काय करून बसलो मी," म्हणत रडत होता. आणि मी? मीही उघडायला तडफडत होतो. जन्मात पहिल्यांदा मला स्वतःहून उघडावंसं वाटलं, आणि नेमकं तेव्हाच उघडता येईना. भीती काय असते ते मला त्या दिवशी कळलं. ती आत मेली असती, तर मीच तिला मारलं असतं.

मग आतून एक बारीक, चिडका टाहो ऐकू आला.

ठराव घेऊन जिना उतरणारे थॉर्नसाहेब थबकले. "हा आवाज कुठून आला?"

"टार्नवेलमधून, साहेब," गजांना तोंड लावून बसलेली काकू म्हणाली. "मुलगी झाली. तुमच्याच गावची."

बार्नबीनं मला फोडलं तेव्हा मी जराही अडून बसलो नाही. सिसली जगली, पोरही जगली. हम्फ्रीला मात्र शिक्षा म्हणून आणखी एक वर्ष कॉन्स्टेबल केलं. दारावर नवं कुलूप आलंय, आणि तो रोज ते लावतोय, काढतोय.

बार्नबी, आज ना उद्या तू मला भट्टीत घालशील. खुशाल घाल. नाल कर, खिळा कर, काय वाटेल ते कर, पण पुन्हा कुलूप करू नकोस. आणि दारालाच लावणार असशील, तर कडी कर बाबा. आतल्या माणसालाही काढता येईल अशी.