पाटावरच्या तीन डिस्क

मृणालीची परीक्षा दसऱ्यानंतर आठ दिवसांनी होती आणि तिचा अभ्यास माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता.

तिला जन्मापासून दिसत नाही. मागच्या आळीत मामाकडे राहून ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहास शिकते. तिच्या फोनला वाचून दाखवता येतं, नाही असं नाही. पण झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या मराठी नोट्स पुढे धरल्या की तो सनावळीत अडखळतो आणि गव्हर्नरांची नावं अशी काही उच्चारतो की मृणालीला हसू आवरत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जणींनी तिला पुस्तकं वाचून द्यायचं ठरवलं. माझ्या मागच्या खोलीत, भिंतीला गाद्या टेकवून, माइकपुढे बसून. रेकॉर्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या आहेत, नारळ पडल्याचा धप्प आवाज आहे, आणि एका करारावरच्या प्रकरणाच्या मध्यावर गॅसवाल्याशी माझं झालेलं भांडण आहे. ते मी काढून टाकणार होते. मृणाली म्हणाली, राहू द्या काकू, त्यामुळे तो करार लक्षात राहतो.

पाच जणींत सगळ्यात हळू वाचते ती सावित्री. मिरकरवाड्याच्या बंदरावर तिचा मासळीचा धंदा. पहाटेचा लिलाव, मग बाजार, हे सगळं उरकून दुपारी येते, तीनदा हात धुते आणि चौथ्यांदा वास घेऊन बघते. शाळा सातवीत सुटलेली. पहिल्या दिवशी तिनं एक पान वाचायला वीस मिनिटं घेतली आणि पुन्हा येणार नाही म्हणून निघून गेली. ते पान ऐकून मृणालीनंच तिला परत बोलावलं. बाकीच्या धाडधाड वाचतात, म्हणाली, मावशींचं ऐकताना मला ब्रेलमध्ये टिपणं उतरवता येतात. तेव्हापासून अवघड प्रकरणं सावित्रीकडे. या सत्रातलं कोकणातल्या बंदरांचं आणि आगबोटींचं अख्खं प्रकरण तिचंच. मध्येमध्ये थांबून ती पुस्तकाला दुरुस्तही करते.

मृणालीचा फोन जुना आणि पोटानं लहान. ती चारदोन प्रकरणं नेते, ऐकते, पुसते, पुढची न्यायला येते. ब्रेलमध्ये उतरतात त्या नुसत्या सनावळ्या आणि नावं. बाकीचं ती परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा ऐकते. म्हणजे ते सगळं कुठेतरी नीट असायला हवं, आणि ते कुठेतरी म्हणजे माझं टेबल.

कॉम्प्युटर मी कुठे शिकले नाही. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. एकदा मशीन बंद पडलं, दुकानदारानं आठ दिवस ठेवून घेतलं आणि तसंच परत दिलं; त्या रागावर मी शिकले. फुकट मिळणारं लिनक्स घातलं, लोकांनी इंटरनेटवर विचारलेले प्रश्न आणि इतरांनी दिलेली उत्तरं वाचत गेले. त्यातूनच डिस्कची जोडी लावायला शिकले. दोन सारख्या डिस्क बसवायच्या आणि मशीनला सांगायचं, की एकीवर जे लिहिशील ते त्याच क्षणी दुसरीवरही लिही. एक गेली तरी दुसरी आहे. वेगळं यंत्र लागत नाही, लिनक्स स्वतःच ते सांभाळतं. मला याचा फार अभिमान होता. आमच्या दमट हवेत पापड टिकत नाहीत तिथे डिस्क काय टिकणार, पण माझ्याकडे जोडी होती.

जूनमध्ये जोडीतली एक कुरकुरायला लागली. मी ती काढली, नवी लावली, मशीननं पाच तासांत शहाण्या डिस्कवरून नवीवर सगळं उतरवून घेतलं. जुनी टाकायला हात होईना. चिकटपट्टी लावून तीवर 'जुनी' लिहिलं आणि खणात ठेवली.

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली कामाची हत्यारं पाटावर मांडून पुजतात. विळी, कोयता, शिलाई मशीनची कात्री. पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत वापरायचं नाही. दरवर्षी मी कॉम्प्युटरच्या डब्याला बाहेरून हळदकुंकू लावत होते. यंदा सासूबाईंनी आक्षेप घेतला. त्यांनी प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवलंय, त्यामुळे आक्षेप रीतसर असतो. काम करतं कोण, डबा की आतलं? आतलं, मी म्हटलं. मग डब्याची पूजा कसली करतेस, आपण मुलाच्या दप्तराला बक्षीस देतो का.

मला ते पटलं, हे कबूल केलं पाहिजे. तशीही धूळ काढायची होती. मशीन बंद केलं, दोन्ही डिस्क बाहेर काढल्या आणि सासूबाईंकडे देऊन मी आंघोळीला गेले.

परत आले तेव्हा पाटावर तीन डिस्क होत्या. ओल्या फडक्यानं लख्ख पुसलेल्या, हळदीचं ओलं बोट आणि कुंकू लावलेल्या, प्रत्येकीवर झेंडूचं फूल. खणातली तिसरीही काढली, सासूबाई म्हणाल्या, तिनंही कष्ट केलेत, निवृत्त माणसाला काय सणातून वगळायचं? हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. चिकटपट्टी मळकट दिसत होती म्हणून ती खरवडून काढली होती.

तिन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, काळ्या. कुठली कुठली ते मला ओळखू येईना. तेव्हाच खरेदीचे कागद शोधून त्यांवरचे नंबर डिस्कवरच्या नंबरांशी ताडून बघायला हवे होते. पण सणाचं घर, नारळ खवायचा होता, आणि मनात म्हटलं, उद्या बघू.

दसऱ्याच्या सकाळी फुलं उतरवली, डिस्क कोरड्या फडक्यानं पुसल्या आणि अंदाजानं दोन आत बसवल्या. मशीन सुरू झालं. नेहमीपेक्षा वेळ लागला. मृणालीचं फोल्डर उघडलं.

शेवटची फाइल नऊ जूनची होती.

यादीत मी खाली गेले, वर गेले, पुन्हा खाली गेले. आगबोटी नाहीत. सहकाराचं प्रकरण नाही. सावित्रीचे जुलैपासूनचे सगळे दुपारचे तास नाहीत. जोडीची स्थिती विचारली तर मशीन म्हणालं, दोनातली एकच हजर आहे. आत दोन बसवल्या होत्या, त्यातली एक त्याला दिसतच नव्हती.

आठ दिवसांत अकरा प्रकरणं पुन्हा वाचायची तर सावित्रीला मासळी सोडून इथे मुक्काम करावा लागला असता, आणि तरी झालं नसतं. आणि मृणालीला सांगायचं काय? तुझं वर्ष आम्ही पाटावर मांडलं होतं म्हणून?

घाबरलेल्या माणसाला वाटतं काहीतरी केलं पाहिजे. एक डिस्क मेली, असं मी ठरवून टाकलं. टेबलावर तिसरी होती. बाहेरून डिस्क लावायचा एक स्टँड आहे माझ्याकडे, त्यात ती खोचली आणि मशीनला आज्ञा दिली, की हिला जोडीत घे. जोडी पुरी झाली की सगळं परत येईल अशी काहीतरी माझी कल्पना.

मशीननं नाही म्हटलं. इंग्रजीत, पण सभ्यपणे: ही डिस्क स्वतःला आधीच या जोडीतली म्हणवते, तरी हिचं जुळत नाही, हिला नव्यानं घ्यायचीच असेल तर आधी हिच्यावरची ओळख पुसा. आणि पुसायची आज्ञाही देऊन ठेवली होती. मी त्यातलं शेवटचंच वाचलं. आज्ञा अक्षर न् अक्षर टंकली. बोट एंटरवर होतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ होत्या कुणास ठाऊक. माझा चेहरा बघून त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "यात कोण कुणाचं बघून लिहिणार?"

"म्हणजे?"

"दोघींच्या वह्या सारख्या करायच्यात ना तुला? मग कुणाची वही पुरी आहे ते बघितलंस का?" त्या आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या. "माझ्या वर्गात पोरं कॉपी करायची. सापडायची ती कॉपी केली म्हणून नव्हे गो. भलत्याची केली म्हणून."

मी बोट उचललं.

मग मशीन काय म्हणालं होतं ते पहिल्यापासून वाचलं. ही डिस्क स्वतःला जोडीतली म्हणवते. म्हणजे ही परकी नव्हती. ही खोटं बोलत नव्हती. मी हिची ओळख पुसून हिच्यावर जूनची वही उतरवायला निघाले होते. टंकलेली आज्ञा मी एकेक अक्षर मागे घेत पुसली, जणू जोरात पुसली तर ती चालू होईल.

माझ्या वहीत एक वाक्य लिहिलेलं आहे. कुण्या एका माणसानं, कुठल्या देशातला ते माहीत नाही, दुसऱ्या कुणाला तरी दिलेल्या उत्तरातलं: काहीही करण्याआधी प्रत्येक डिस्कला वेगवेगळं विचारा, तिच्यावर शेवटचं कधी लिहिलं गेलं. ते मी शिकताना उतरवून घेतलं होतं आणि गरज पडली तेव्हा वही उघडली नव्हती. आता उघडली.

आतल्या डिस्कला विचारलं. आज मशीन सुरू केलं ते सोडलं तर नऊ जून. स्टँडवरचीला विचारलं. खंडेनवमीची सकाळ, मशीन बंद केलं ती वेळ. मी सासूबाईंकडे बघितलं आणि मला हसू आलं आणि रडूही. आत बसवली होती ती निवृत्त बाई, आणि सगळा अभ्यास जवळ असलेली मुलगी स्टँडवर बसून मुकाट माझ्या मूर्खपणाची वाट बघत होती.

राहिली ती न दिसणारी. मशीन बंद करून तिला बाहेर काढलं, उलटी केली, टॉर्च मारला. जिथे वायर बसते त्या खाचेत पिवळं दिसत होतं. हळद. ओली लावली, आत ओघळली, सुकली. बाहेरून पुसल्यावर काय कळणार?

"थोडी जास्त लागली वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

मऊ ब्रश आणि स्पिरिट घेऊन मी ती खाच साफ करत बसले, लहान मुलाचे कान साफ करावेत तसं. पुरती सुकू दिली. निवृत्त बाईंना पुन्हा चिकटपट्टी लावून खणात ठेवलं, या वेळी तिच्यावर तारीखसुद्धा लिहिली. दोघी बरोबरच्या आत बसवल्या. मशीन सुरू केलं.

दोनातल्या दोन हजर. दोघींची शेवटची वेळ एकच, मिनिटापर्यंत. फोल्डर उघडलं तर आगबोटी जागच्या जागी.

मी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. दसराच होता, त्यामुळे विचित्र दिसलं नाही. त्या म्हणाल्या, पुसलं मीच, विचारलं मीच, तेव्हा फिट्टंफाट. पण स्वयंपाकघरात जाताना त्यांची पाठ जरा ताठ होती.

मला मात्र फिट्टंफाट वाटेना. त्या अनोळखी माणसाला कसं कळवणार, की तुमचं एक वाक्य रत्नागिरीत एका मुलीच्या उपयोगी पडलं? त्यानं लिहिलं, कुणी आभार मानले की नाही कोण जाणे, आणि तो आपल्या कामाला लागला असेल. मी तिथे खातं उघडलं आणि त्या जुन्या उत्तराखाली दोन ओळी लिहिल्या. हळदीचं लिहिलं नाही. समजावता आलं नसतं. आणि खालीच कुणीतरी लिहिलेलं वाचलं, जे मी इतकी वर्षं वाचून सोडून देत होते: जोडी म्हणजे राखीव प्रत नव्हे. जोडीला चूक सांगितली तर ती दोन्हीकडे चोख उतरवते.

दुपारी निरोप पाठवला आणि पाचही घरांतून पेनड्राइव्ह मागवले. कुणाच्या मुलाचा, कुणाच्या ऑफिसातला, एकीचा तर गाण्यांनी भरलेला. प्रत्येकावर मृणालीचं सगळं उतरवलं. आता तो अभ्यास पाच घरांत आहे, एक मिरकरवाड्यात देव्हाऱ्याच्या खणात.

संध्याकाळी मृणाली आपट्याची पानं घेऊन आली. सावित्रीही पेनड्राइव्ह न्यायला आलेली, हात धुऊन बसलेली. मी मृणालीला सगळं सांगितलं. लपवलं असतं तर चाललं असतं, पण तिचं होतं, मग तिला कळायला नको? हातातली पानं तिनं एकदा मोजल्यासारखी चाचपली.

"बंदरांचं प्रकरण आहे?"

"आहे."

"ते लावा आधी."

लावलं. खोलीत सावित्रीचा आवाज सुरू झाला, एकेक शब्द पायरी बघून ठेवल्यासारखा. एका जोडाक्षरावर ती अडली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली, तिसऱ्यांदा पार झाली आणि रेकॉर्डिंगमध्येच "हां" म्हणाली. समोर बसलेल्या सावित्रीनं पदर तोंडाला लावला. बंद कर गो, माणसासारखं वाचायला येत नाय मला, असं काहीसं पुटपुटली. मृणालीचे ओठ आवाजाबरोबर हलत होते, आणि सावित्री अडली तिथे ते आधीच पुढे गेले होते.

"मावशी, तुम्ही अडता ना," मृणाली म्हणाली, "तेवढ्यात पुढचा शब्द काय असेल ते मी ओळखते. परीक्षेत तेच लागतं."

सावित्री पदर खोचून मला म्हणाली की खंडेनवमीमुळे शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलंय, ते काय पुढच्या वर्षी वाचायचं? मी गाद्या लावल्या, माइक काढला. मृणालीनं आपली ब्रेल लिहायची पाटी आणि टोचा मांडीवर घेतला. आजवर आम्ही सगळ्या भिंतीलाच वाचून दाखवत आलो होतो; ऐकणारी समोर बसलीय असं पहिल्यांदाच घडत होतं.

सावित्रीनं पुस्तक उघडलं, गळा साफ केला आणि मला विचारलं, "हळू वाचू का?"

"हळूच वाचा," मृणाली म्हणाली.