चौघींचा दम आणि मी

मित्रांनो, मी गोडेतेलाचा एक जुना पिपा आहे. सौंसरहून मोहगावकडे जाताना संत्र्याची एक बाग लागते, तिथल्या विहिरीच्या काठावर मी पडून असतो. माझ्या बुडाला भोक आहे आणि पोटात माती. तुम्ही मला पायानं बाजूला सारून पुढे जाल, त्यात तुमचा काही दोष नाही. पण जाण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या.

माझ्यातलं तेल संपलं तेव्हा बागेच्या मालकीण जयवंताबाईंनी माझं तोंड झाळून बंद करून घेतलं. आमच्याकडे पोरं पोहायला शिकतात ती पाठीला असा रिकामा पिपा बांधून. लेकराला बुडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम होतं. ते मी इमानेइतबारे केलं.

चौऱ्याऐंशी साली शाळेनं मुलींचा संघ जबलपूरला पोहण्याच्या स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. गावात पोहण्याचा तलाव कुठला? खेळाचे वसंत सर आमच्या विहिरीवर आले, दोरीनं घेर मोजला आणि खूश होऊन म्हणाले, "दोन फेऱ्या म्हंजे पन्नास मीटर. झालं आपलं काम."

विजया, प्रतिभा, स्मिता आणि नलिनी अशा चौघी निवडल्या गेल्या. एकीनं भिंतीला हात लावला की दुसरीनं निघायचं. नलिनी सर्वांत चपळ, म्हणून ती शेवटी. पण मनानं फार कच्ची. मध्येच घाबरायची आणि हातपाय गाळून बसायची. तिचे वडील पुंडलिकराव तहसिलीत कारकून होते. त्यांनी बजावलं होतं, "तिघी दारात घ्याले आल्या तं जाय. एकटी विहिरीवर जाशीन तं पोहनं बंद." मग काय, रोज पाच वाजता तिघी तिच्या ओट्यापाशी हजर. घरात दबून राहणारी ती पोर पाण्यात उतरली की खिदळायची. दिवसभरात तिचा स्वतःचा असा तेवढाच एक तास होता.

जयवंताबाई मला मांडीवर घेऊन पायरीवर बसायच्या आणि काठीनं ताल धरायच्या. मुली उजव्या हाताला भिंत ठेवून गोल गोल पोहायच्या. नलिनी घाबरली की बाई ताल वाढवायच्या, तिघी ओरडायच्या, "नली, दम धर," आणि ती सुसाट निघायची. शेवटी चौघी मला पाण्यात मधोमध धरून तरंगत राहायच्या. बाईंचा नियमच होता, "चौघीचा दम एक झाल्याबिगर कोनी पायरी चढाची नाही." चार श्वास हळूहळू जुळत आलेले मला माझ्या पत्र्यावर कळायचे. तेव्हाइतका सुखी मी पुन्हा कधी झालो नाही.

जबलपूरचा तलाव लांबलचक आणि चौकोनी होता. पाण्यावर दोर ताणून पट्टे आखलेले. ताल धरायला बाईंनी मलाही सोबत आणलं होतं. पंचांनी मला पाहून सांगितलं, "बाजा नहीं बजेगा, माताजी." बाई मला पदराखाली घेऊन बसल्या. पहिल्या तिघी दोराला खांदे घासत गेल्या खऱ्या, पण आपापल्या पट्ट्यात राहिल्या. आपला संघ दुसरा होता. नलिनीनं उडी घेतली आणि अर्ध्यात तिचे हात ढिले पडले. एवढं सरळ, तळ दिसणारं पाणी तिनं कधी पाहिलं नव्हतं. "नली, दम धर," तिघी ओरडल्या. बाईंना राहवलं नाही. त्यांनी मला बाहेर काढलं आणि हातानंच जोरजोरात ताल धरला.

नलिनी सुसाट निघाली. आणि विहिरीत वळायची तशी डावीकडे वळली. दोराखालून गेली ती थेट शेजारच्या पट्ट्यात, तिथल्या मुलीवर आदळली. संघ बाद झाला. महिनोन्‌महिने आम्ही तिला गोल फिरायला शिकवलं होतं आणि तिथे सरळ पोहायचं असतं हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मित्रांनो, मी वाजलो म्हणून ती वळली. हे मला आजही सहन होत नाही.

परतीच्या छोट्या रेल्वेगाडीत बाईंनी मला बाकाखाली सारलं.

दुसऱ्या दिवशी विजया एकटीच विहिरीवर आली. बाईंना म्हणाली, "नलीले आज काहून छेडू? तिले एकटं राहू द्या." तिसऱ्या दिवशी प्रतिभा आली. "माह्या हाकेनं तिले अजून रडू येईन." स्मिता आली तीही तेच बोलून गेली. तिघींपैकी एकीच्याही मनात राग नव्हता. बाई तर स्वतःलाच दोष देत होत्या. "म्या वाजवला, आता कोन्त्या तोंडानं तिच्या दारी जाऊ?" असं म्हणून त्यांनी मला कोपऱ्यात ठेवलं.

पंधरा दिवसांनी वसंत सर येऊन सांगून गेले. नलिनी रोज पाच वाजता टॉवेल घेऊन ओट्यावर बसत होती. आठव्या दिवशी तिनं तो टॉवेल आईला पोतेऱ्याला देऊन टाकला. पुंडलिकराव म्हणाले, "पोरी चिडल्या असतीन. जाऊ दे." तिनं ते खरं मानलं. हे ऐकताच बाई उठून तिच्या घरी गेल्या, पण नलिनी आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न होऊन ती तिगावला गेली. तिघी लग्नात जेवून आल्या. पण लग्नाच्या गर्दीत असलं काही बोलायला कुठे सुचतं?

मग विहिरीवर मोटर बसली, पाणी खोल गेलं, मला गंज चढला.

मित्रांनो, मी तिघींचं बोलणं ऐकलं होतं. पण पिपा कोणी वाजवला तरच बोलतो, आणि मला कोणी हात लावला नाही. तुमच्यातलं कोणी हरलं तर त्याच दिवशी त्याच्या दारात जा. काय बोलावं ते सुचलं नाही तरी चालेल, नुसती हाक मारा. ते पोर टॉवेल घेऊन बसलेलं असतं.